खिळा ठोकायची परवानगी

मंजिरी: बराबर टायमावर आल्या काकू! स्टूल पकडा जरासं, डगमगते मेलं. अन् वर पाहून सांगा, टोपली मधात आली का?

रमाकाकू: मंजिरी, आधी खाली उतर तू.

मंजिरी: एक मिनिट वो! अभनपूरच्या बाजारातून आणली. कोंबड्या झाकतात ना, ती बांबूची टोपली. बसमध्ये सगळे मलेच पाहून राहिले होते का हे बाई कोंबड्या पाळते का काय! उलटी केली अन् आत बल्ब सोडला, बस. संध्याकाळी लावला का भिंतीवर उजेडाची अशी जाळी पडते, पाहतच राहा. सदर बाजारात असल्या झुंबराले दुकानदार हात बी लावू देत नाही.

रमाकाकू: छान आहे. सगळंच छान केलं तू. आता उतर बेटा.

मंजिरी: तुमचाच हातोडा कामी येऊन राहिला. आठवते ना, तुमच्या घरी आमी भाड्यानं आलो तवा काय म्हटलं होतं तुमी? "वरचा मजला दिला, पण भिंतीत एक खिळा नाही ठोकायचा." दोन वर्षं आमचं कॅलेंडर खिडकीच्या गजाले सुतळीनं बांधलं होतं! अन् या दिवाळीत तुमीच हातोडा घेऊन वर आल्या. "ठोक मंजिरी, पाहिजे तेवढे ठोक, घर तुझंच आहे." त्या दिवशी तुमी खाली गेल्यावर मी रडली होती, ह्यांना विचारा.

रमाकाकू: सुन ना. मला बोलायचं आहे तुझ्याशी.

मंजिरी: बोला ना मग. अशा उभ्या काहून? सोफ्यावर बसा. सफरचंदाच्या पेट्यांचा आहे म्हणून घाबरू नका, दोन माणसं आरामात बसतात. गादीत माह्या आईच्या रजईचा कापूस आहे, पिंजून घेतला.

रमाकाकू: माहीत आहे गं. मीच तर सगळ्यांना सांगते, आमच्या मंजिरीनं पैसा न लावता घर कसं सजवलं ते. बरं, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती सुनीती आली होती ना, भोपाळवाली?

मंजिरी: साहेबाची बायको! किती साधी वो! बाकीच्या बायका वाण घेतलं अन् चालल्या. हे दीड तास बसली. पडद्याचा काठ हातात घेऊन म्हणते कशी, "हे नागपुरी लुगडं आहे ना?" मी म्हटलं, हो, माह्या आईचं. एकेक गोष्ट विचारली तिनं. सकाळचं ऊन कोणत्या खिडकीतून येते, नळ किती वेळ चालते, पावसाळ्यात छत गळते का.

रमाकाकू: हव.

मंजिरी: मी म्हटलं, छत एकदम पक्कं. काकांनी मागच्या साली डांबर टाकलं. तुमच्या घराची तारीफच केली मी.

रमाकाकू: हव, तारीफच केली तू. तिला घर पसंत आलं, मंजिरी.

मंजिरी: माहीत आहे ना, चार वेळा म्हणून गेली.

रमाकाकू: तसं नाही. मतलब, घर पाहिजे आहे तिला. मार्चच्या एक तारखेपासून राहायला येऊन राहिले ते लोक. इथं, वरच्या मजल्यावर.

मंजिरी: वरच्या मजल्यावर तर आमी राहतो.

रमाकाकू: उतर बेटा. पडशील.

मंजिरी: काकू, असा मजाक नका करू.

रमाकाकू: मजाक कशाला करू? रायपूर राजधानी झाली, रोज भोपाळहून ट्रकच्या ट्रक सामान येऊन राहिलं. तेलीबांध्यात ज्याच्या घरी म्हशी बांधत होते, त्यानं गोठा धुऊन भाड्यानं दिला. तुझे काका रिटायर झाले, आमच्या अभिनवचं इंजिनिअरिंग चालू आहे, आम्हाला नको का? पण या साहेब लोकांना साधं घर चालत नाही. ढंगाचं पाहिजे म्हणतात. काका रंगारी बोलवत होते. मी म्हटलं, कशाला?

मंजिरी: थांबा. म्हणून हातोडा दिला तुमी मले?

रमाकाकू: असं नको बोलू गं.

मंजिरी: दिवाळीत हातोडा दिला अन् आठवड्यात नवीन राज्य झालं. पूर्ण रायपूरनं फटाके फोडले. मी बी फोडले, येडी! अन् हळदीकुंकू? "यंदा तुझ्या घरी कर, पाहू दे सगळ्या बायकांना", ते बी त्याच्यासाठीच? माय वो! मी तिची ओटी भरली काकू! बाकीच्यांना नुस्ती रंगवलेली बोळकी वाण दिली. तुमीच मागून म्हटलं, "पहिल्यांदा आली आहे, हिची ओटी भर." घरात एकच नारळ होता, तो दिला. वाकून पाया पडली मी तिच्या. अन् दारापर्यंत जाऊन म्हटलं, पुन्हा या!

रमाकाकू: देवाशप्पथ सांगते, रात्री झोप नाही मला. पण तूच विचार कर. अन् तुझी किती कदर आहे तिला! म्हणाली, त्या हॉलच्या लाल भिंतीला हात नका लावू, पांढरे हाथे तसेच राहू द्या. पडदे पण जमलं तर.

मंजिरी: तांदळाच्या पिठात हात बुडवून उठवले ते हाथे आमी. दूधवाली फुलबासन अथी बसून शिकवून गेली. चौथ्या ओळीत माह्या श्रावणीचा हात आहे, एवढासा. साहेबाच्या हॉलमध्ये माह्या पोरीचा हात काहून राहील?

रमाकाकू: हळू बोल, खाली काका झोपले आहेत.

मंजिरी: झोपू द्या, त्याइले काय! अन् तो साहेब. हळदीकुंकवाले माणूस येते का कुठी? छतावर गेला, पाण्याची टाकी ठोकून पाहिली. अन् आमचे हे भोळे. पाव्हणा समजून टॉर्च घेऊन त्याच्या पुढं पुढं. लाज वाटायले पाहिजे होती काकू तुमाले, भोळ्या माणसाले असं फिरवायले.

रमाकाकू: भोळे नाहीत दिवाकर.

मंजिरी: म्हणजे?

रमाकाकू: मला वाटत होतं, एव्हाना त्यांनी सांगितलं असेल तुला. मी चार वेळा म्हटलं, मंजिरीला सांगून टाका. तर म्हणे, "संक्रांत होऊ द्या काकू." संक्रांत झाली तर म्हणे, "तिची टोपली लागू द्या." आज सकाळी जाताना म्हणाले, "तुमीच सांगा, माह्यानं नाही होत." म्हणून वर आले मी.

मंजिरी: त्याइले माहीत होतं?

रमाकाकू: त्या साहेबाला त्यांनीच तर आणलं, मंजिरी.

(त्याच दिवशी दिवेलागणीला. दिवाकर ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून घरी आला आहे. मंजिरी स्टुलावर बसून आहे.)

दिवाकर: अंधारात काहून बसली? लाइट गेली का?

मंजिरी: आहे लाइट.

दिवाकर: श्रावणी कुठी गेली?

मंजिरी: निधीच्या घरी, खेळायले.

दिवाकर: अरे वा, टोपली लागली! थांब, बटन दाबतो. अवं, काय जाळी पडली पाह्य! पूर्ण भिंतीवर. अन् हे काय? चौथ्या ओळीत मधातच एक हाथा गायब?

मंजिरी: पुसला.

दिवाकर: पुसला? सगळी ओळ खराब दिसून राहिली. काहून पुसला?

मंजिरी: तो आपला होता. काकू येऊन गेल्या.

दिवाकर: हं. पाणी दे जरा.

मंजिरी: माठात आहे, घ्या.

दिवाकर: ऐक ना मंजिरी. तू आधी पूर्ण ऐकून घे, मग काय बोलायचं ते बोल. साहेबाचं सामान आमच्याच ट्रकनं आलं भोपाळहून. मी उतरवायले गेलो होतो. ते म्हणे, रायपूरमध्ये घरच मिळत नाही ढंगाचं, बायको वैतागली. मी सहज बोललो, आमी राहतो तथी मालक भाडेकरू पाहून राहिले. बोलता बोलता त्यांनी माह्यं विचारलं. नऊ वर्षं झाली म्हटलं, अजून कच्चाच आहो. तर म्हणे, आमच्या नवीन ऑफिसात बाबू लागतीन, तुमचं पाहतो. सरकारी, मंजिरी! पक्की!

मंजिरी: अन् घर दाखवून दिलं.

दिवाकर: घर काकांचं होतं. आज ना उद्या ते आपल्याले काढणारच होते. दिवाळीतच बोलले मले. मी म्हटलं, जायचंच आहे तर आपलं काही काम तरी होऊ दे.

मंजिरी: "हॉलची भिंत गेरूनं रंगव, मस्त दिसन." हे कोण म्हटलं होतं?

दिवाकर: मीच म्हटलं.

मंजिरी: गेरू कालवून दिला तुमी. बाही वर करून माह्या बाजूले बसले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मले विचारलं बी, गेरू पातळ झाला का म्हणून. अभनपूरले जायले निघाली तर बसमध्ये बसवून द्यायले आले. मी आईले चिठ्ठी लिहिली, आता हे घरात लक्ष देऊन राहिले. आईनं उलट चिठ्ठीत लिहिलं, देवाले साखर ठेवली म्हणून.

दिवाकर: मले बी चांगलं वाटत होतं तवा. खोटं नव्हतं ते.

मंजिरी: मग सांगितलं काहून नाही?

दिवाकर: सांगणार होतो.

मंजिरी: कवा? ट्रकमध्ये सामान चढल्यावर?

दिवाकर: सांगितलं असतं तर तुहा हात चालला असता का?

मंजिरी: नसता चालला.

दिवाकर: मग! तूच सांग आता, मी काय करायले पाहिजे होतं?

मंजिरी: त्या दिवशी मी तिची ओटी भरून राहिली होती अन् तुमी दारात उभे होते. मी तुमच्याकडं पाहून हसली. तुमी बी हसले.

दिवाकर: मग काय रडू? तिच्या समोर?

मंजिरी: नाही. तुमी चांगलेच हसले. मले काहीच समजलं नाही.

दिवाकर: तुह्यासाठीच केलं ना बापा! तुह्यासाठी अन् श्रावणीसाठी. नोकरी पक्की झाली का लोन घेऊ, स्वतःचं घर बांधू. तथी ठोक तू किती खिळे ठोकायचे ते.

मंजिरी: नोकरीचा कागद आला का?

दिवाकर: कागद कसा येईन इतक्यात? शब्द दिला आहे.

मंजिरी: काकूंनी बी शब्दच दिला होता.

दिवाकर: साहेब माणूस आहे तो, काकू नाही.

मंजिरी: जायचं कुठी आहे आपल्याले?

दिवाकर: गुढियारीत एक खोली पाहिली. पुढं छोटी ओसरी आहे. नळ सामायिक, पण शाळा जवळ पडन श्रावणीले.

मंजिरी: पाहून बी आले.

दिवाकर: गेल्या रविवारी गेलो होतो. भिंती एकदम कोऱ्या आहेत, चुन्याच्या. मी उभा राहून तोच विचार करत होतो, तुह्या हाताले काय वेळ लागते? दोन महिन्यांत तू असं करून ठेवशीन का मालकीण बी...

मंजिरी: मालकीण बी काय?

दिवाकर: काही नाही.

मंजिरी: मालकीण बी चार पाव्हणे घेऊन येईन पाहायले.

दिवाकर: मंजिरी, इतकं नको बोलू ना.

मंजिरी: मी काहीच नाही बोलत. तो हातोडा काकूंना देऊन या खाली. त्यांचा आहे.

दिवाकर: आपल्याले नाही लागन का तथी? मी नवीन आणतो, मग.

मंजिरी: नको. तथी काही ठोकायचं नाही.

दिवाकर: आईच्या लुगड्याचे पडदे तरी काढून घे. ते काही त्यांना द्यायची गरज नाही.

मंजिरी: काढले. पेटीत ठेवले. पुन्हा लुगडं व्हायचे नाहीत ते आता, कापले ना मी.

दिवाकर: अन् ही टोपली? काढू का खाली? घेऊन जाऊ संग. तुह्या इतक्या हौसेची.

मंजिरी: राहू द्या. सुनीतीबाईंना आवडन.

दिवाकर: मग आपल्या खोलीत काय लावायचं?

मंजिरी: बल्ब लावा उघडाच. पोळी करपली का नाही तेवढं दिसलं, का झालं.