भगताची जीप

सन्माननीय अध्यक्षा, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती देवरे सर, प्राध्यापकवर्ग आणि माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

निरोपाच्या दिवशी गुण गावेत, ही रीत. पण सरांनीच बजावलंय, "सुवर्णा, हारतुरे बाकीचे घालतील. तू ती गोष्ट सांग." तेव्हा आज्ञा पाळते.

आपल्या आरोग्य धोरणाच्या वर्गात डॉक्टर, वकील, अर्थशास्त्राचे, समाजशास्त्राचे, सगळे एका बाकावर. भांडणं काय कमी झाली? एका प्रकरणावर मात्र कधीच नाही. पेठकडच्या पाड्यावरची फुलाबाई. दुसरं बाळंतपण, रक्तस्राव, नवऱ्याने आधी भगताकडे नेलं, घाटात मृत्यू. डॉक्टर म्हणत, उशीर. समाजशास्त्रवाले म्हणत, श्रद्धा. अर्थशास्त्रवाले, खर्चाची धास्ती. बोट शेवटी सगळ्यांचं त्या नवऱ्याकडे.

नाव बदललेलं होतं, पाडा तोच होता. ती माझी आई, नवसाबाई.

शिकत होते तेव्हा गप्प बसले, शिकवायला लागले तेव्हाही गप्पच. दर जुलैला नवी मुलं यायची आणि आई त्या वर्गात पुन्हा मरायची. खोटं कशाला बोलू, त्या खोलीत मला अजून एकटीला बसवत नाही. तिचं कण्हणं ऐकू येतं.

यंदा सरांनी तो वर्ग माझ्याकडे सोपवला, तेव्हा त्यांना सगळं सांगून टाकलं. आईला घाटातून तसंच दवाखान्यात नेलं, तिथे नोंद घेणाऱ्याने बाबांना विचारलं होतं, आधी कुठे नेलं? बाबा म्हणाले, "भगताकडं. पाड्यात जीप त्याच्याकडंच व्हती." लिहिणाऱ्याने पहिला शब्द लिहिला आणि पेन खिशाला लावलं. त्या भगताने मंत्र म्हटला नाही की अंगारा लावला नाही. अंगावरच्या बनियनवर येऊन गाडी काढली होती.

सर म्हणाले, "आम्ही इतक्या विषयांचे लोक. का नेलं, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही?" दुसऱ्या दिवशी ते पाड्यावर आले आणि बाबांसमोर हात जोडून उभे राहिले. असा गुरू लाभायला भाग्य लागतं.

बाबांच्या संमतीने आता वर्गात फुलाबाई नसेल, नवसाबाई असेल. तिचं कण्हणं थांबेल असं मला वाटत नाही. थांबूही नये.

मला बोलू दिलंत, संयोजकांची आणि आपल्या सर्वांची ऋणी आहे. बोलण्यात अधिक-उणं झालं असेल तर पदरात घ्या.

आणि बाबा, तू तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलायस. माफी मागायची ती मी आत्ताच मागितली. तू आता मान वर कर.