यार्डातला लाल घोडा

नाही नाही, तो लाल सोडून द्या, काका, इकडे या, या रांगेत. ट्रेलर ओढायला घोडाच हवाय ना तुम्हाला, नुसतं पुढचं इंजिन-केबिन? मग हा पांढरा बघा. चढा वर, चाव्या माझ्याकडेच आहेत – यार्डाचे मालक जतीनभाई वापीला गेलेत, वॉचमन मी, रूपेश. हप्ते थकले की फायनान्सवाले गाड्या ओढून आणतात, इथे अच्छाडला उभ्या करतात, मग ज्याला परवडेल त्याने न्याव्या. तुम्ही स्वतः गाडी चालवणारे मालक, सायवनवरून खास आलात, तुम्हाला मी काय शिकवणार? तरी सांगतो. रंगाला भुलायचं नाही. रंग सगळ्यात शेवटी लावतात, मेलेल्याला आंघोळ घालतात तसा. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढायचं – भकाभका धूर आला की समजायचं, पिस्टन गेले. टायर एकाच बाजूने खाल्लेला असेल तर ॲक्सल वाकलाय. आणि मागचे स्प्रिंगचे पाटे बघायचे – कमान उलटी झाली असेल तर हिच्यावर मरेस्तोवर माल लादलाय. लोक विचारतात काय, तर कंपनी कुठली, मॉडेल कुठलं! अहो, कंपनी गाडी बनवते एकदाच. पुढे चालवणारा तिला जगवतो नाहीतर मारतो. खरं की नाही? खरंच.

पुन्हा तिकडेच चाललात? काका, त्याची चासी वेल्ड केलीय, वरून रंग फासलाय. आणि सांगणार नव्हतो – मनोरच्या अलीकडे एक बाई गेलीय त्याच्याखाली. तिचं लुगडं चाकातून सोडवताना – जाऊ द्या. तुम्ही नारळ फोडणार, हार घालणार, घरातल्या पोरांना वर बसवणार, आणि बसवणार कशात? मागे भिलाडचा एक शेठ आला होता, एवढं ऐकलं आणि पान थुंकून गेला परत. सेल्फ मारून बघायचाय? मारा की. मारा – बघितलंत? खट् नाही की खुट् नाही. मेलाय तो. चला, बाहेर चहा घेऊ. जीएसटी आल्यापासून चेकनाक्यावर गाड्या थांबत नाहीत, चहावाले माशा मारत बसलेत, तेवढीच त्यांची बोहनी – कुठे उतरलात? बॅटरीची पेटी कशाला उघडताय? हात काळे होतील, काका. काका, राहू द्या ना.

हो. वायर काढलेली आहे. मी काढतो. चोरायला नाही हो, चोर दिसतो का मी? व्हॅसलीन – ते लावलं असेल कुणीतरी. बाकीच्या गाड्यांच्या टर्मिनलवर पांढरी बुरशी चढलीय आणि याच्याच टर्मिनलवर व्हॅसलीन, दिसतंय मला, डोळे आहेत मला! आणि चाकांखाली गवत नाही, तेही विचारून टाका. नाही उगवलं गवत, कारण रोज सकाळी वायर जोडून मी त्याला हातभर पुढे-मागे घेतो, टायर एका जागी बसू नयेत म्हणून. बाकीच्यांचे बसले तर बसू देत, मला काय त्यांचं!

माझा होता. झालं समाधान? जतीनभाईंना माहीत नाही. ते गाड्या नंबराने ओळखतात, मालकाचं तोंड कोण बघतो? आणि बाई कसली आलीय – कोंबडीसुद्धा गेली नाही त्याच्याखाली. वेल्डिंग नाही, काही नाही. हात लावून बघा पाट्यांना. आहे या यार्डात अशी कमान दुसऱ्या कुणाची? डहाणूच्या कॉलेजात बीए केलं मी, मग दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, आणि तेव्हाच ठरवलं – माझी गाडी होईल तेव्हा पासिंगएवढाच, आरटीओच्या कागदावर असेल तेवढाच माल भरीन. सत्तावीस टन म्हणजे सत्तावीस. तारापूरहून लोखंड घेऊन निघालो की वजनकाट्यावर छाती काढून उभा राहायचो, काट्यावाला हसायचा, म्हणायचा, आले हरिश्चंद्र! हसू दे म्हटलं. कुणीतरी सुरुवात करायला नको? पण भाडं टनावर, डिझेल सगळ्यांना सारखंच, टोल सारखाच. ट्रान्सपोर्टवाला म्हणाला, रूपेश, तुझी गाडी देवमाणूस आहे, तू तिला देवळात नेऊन लाव. मग लोडिंगच मिळेना. ज्यांनी चासी वाकेपर्यंत भरलं त्यांनी हप्ते फेडले, दुसऱ्या गाड्या घेतल्या. आणि इथे सगळ्यात धड गाडी कुठली? जी कमवू शकली नाही ती. तुम्ही खात्रीची गाडी शोधताय ना? ही खात्रीची गाडी. मालकाला बुडवलं तिने, पण रस्त्यात कधी बंद पडली नाही.

वाटलं, कुणी घेतलाच नाही तर कधीतरी मीच सोडवीन. सुनिता, माझी बायको, फुग्यांच्या कारखान्यात जाते – ती म्हणते, मेलेल्या म्हशीला चारा घालत बसलायस. बसलोय. तुम्ही तिसरे, काका. दोघांना पळवलं. तुम्हीही – फोन नका काढू. जतीनभाईंना नका ना सांगू, नोकरी जाईल माझी आणि याच्याजवळ यायलाही –

काय म्हणालात? मी? तुमची आधीची गाडी तुम्ही चालवणार, आणि हा लाल मी. ड्रायव्हर म्हणून. तुमच्याकडे.

हसू नका. एक विचारतो. भरणार किती? नाही, खरा आकडा सांगा.

चाळीस.

पाटे उताणे होतील हो. एक पावसाळा, फार तर दुसरा. आणि घाटात ब्रेक – तुम्हाला माहितीय, मी कशाला सांगू? तुम्हालाही पोट आहे, हो, ऐकलं मी, पोट सगळ्यांनाच आहे! आणि मी नाही म्हटलं तर? हां. दुसरा मिळेल. ढाब्यावर ओळीने बसलेत. येईल कुणीतरी, त्याला काय माहीत, थंडीत याचा तिसरा गिअर उशिरा पडतो, खेचायचा नाही, जरा थांबायचं. तो खेचेल. रोज खेचेल.



पाना द्या तो. बारा-तेराचा, तिथेच आहे पेटीत. तुम्ही नका जोडू, ठिणगी उडते, मी जोडतो.

बाजूला व्हा, शेठ.