दोन माणसांचं झाकण

बाई : हे झाकण आहे की विहिरीवरची शिळा? नाकापेक्षा मोती जड! आम्हाला हलकं हवंय.

इंजिनियर : बाई, हलकं टाकलं तर पहिल्याच टेम्पोखाली बसेल. तुमचा माल इथूनच आत जाणार. गोदामाचं दार या बाजूला, रस्ता त्या बाजूला, आणि टाकी बरोबर मध्ये.

बाई : मग टाकी सरकवा.

इंजिनियर : खणून झाली, बांधून झाली, आतून प्लास्टर झालं. आता सरकवायची म्हणजे अंगणच सरकवावं लागेल.

बाई : उंटावरून शेळ्या हाकता तुम्ही लोक. कागदावर टाकी काढलीत, झाकण काढलंत. ते उचलणार कोण, ते काही काढलं नाहीत.

इंजिनियर : ते काढायची पद्धत नसते. ताई, जरा ऐका...

बाई : ताई म्हणू नका.

इंजिनियर : बरं.

बाई : रागावले नाही हो. मला ताई म्हणणारी एकच आहे, तिच्याच तोंडी ते शोभतं. तुम्ही बाई म्हणा. नाहीतर पडदेवाली म्हणा, सगळा रस्ता म्हणतो.

इंजिनियर : बरं, बाई. पुन्हा पहिल्यापासून सांगतो. दुकानामागं आधी नुसती माती होती. पाऊस पडला की बरंचसं पाणी जमीनच पिऊन टाकायची. आता तिच्यावर गोदाम आलं, वर पत्रे आले, राहिलेल्या अंगणात काँक्रीट आलं. प्यायला जमीन उरली नाही. ते सगळं पाणी एकदम रस्त्यावर सोडायची परवानगी नाही. खालच्या अंगाला छापखाना आहे, त्याच्या कागदात गेलं तर मालक तुम्हाला सोडणार नाही. म्हणून ते या टाकीत थांबणार आणि बारीक नळीतून हळूहळू गटारात जाणार.

बाई : एवढं कळतं मला. पडदे विकते म्हणून डोळ्यांवर ओढून नाही बसले.

इंजिनियर : आता त्या नळीच्या तोंडाशी जाळी आहे. तुमच्याकडे दोरे, चिंध्या, कापूस. जाळी तुंबली की टाकी भरणार, टाकी भरली की पाणी उलटं गोदामात शिरणार. म्हणून मोठा पाऊस लागला की झाकण उघडून जाळी साफ करायची. कधी त्या पावसातच. दोन माणसांनी दोन बाजूंनी आकडे घालायचे आणि उचलायचं. त्यात अवघड काही नाही.

बाई : दोन माणसांनी.

इंजिनियर : तुम्ही आहातच की दोघी. पाटीवरच लिहिलंय, ‘दोघी बहिणी, पडदे आणि गाद्या’.

बाई : आहोत की. नाही कोण म्हणतं?

इंजिनियर : मग झालं तर.

बाई : झालं कसं? ती धाकटी. तिची कंबर पहिल्यापासून नाजूक. तिला नाही जड उचलवत.

इंजिनियर : मग दुकानातलं दुसरं कुणी?

बाई : शिलाईवाली दिवे लागायच्या आत घरी पळते. हमाल माल आला तरच तोंड दाखवतो. आणि पाऊस काय यांची वेळ विचारून येतो?

इंजिनियर : छापखानेवाल्याला हाक मारायची.

बाई : हातात आकडा घेऊन त्याच्या दारात जाऊ? भर पावसात? अहो, जरा आमचं झाकण उचलता का म्हणून? काहीतरीच तुमचं!

इंजिनियर : मग गेल्या पावसाळ्यात दुकानात पाणी आलं, तेव्हा कसं केलंत? तुम्ही म्हणाला होतात, आम्ही कापडाचे सगळे ताके माडीवर नेले.

बाई : नेले की. आम्ही काय बघत बसणार होतो?

इंजिनियर : त्या अरुंद जिन्यानं?

बाई : त्याचीही युक्ती असते. मखमलीचा ताका भिजला की माणसापेक्षा जड होतो. तो खांद्यावर घ्यायचाच नाही. पायरीवर पाठमोरं बसायचं, ताका मांडीवर ओढून घ्यायचा, आणि तसंच बसल्या बसल्या एकेक पायरी मागं सरकत वर जायचं.

इंजिनियर : बाई, ही एकट्या माणसाची युक्ती आहे.

बाई : म्हणजे?

इंजिनियर : दोघं असते तर एकानं पुढून धरलं असतं, एकानं मागून.

बाई : तुम्हाला पाण्याचं काम दिलंय. घरातली माणसं मोजायचं नाही.

इंजिनियर : नाही दिलं. पण पत्र्याचा उतार बघायला मी तुमच्या माडीवर गेलो होतो. तिथं दोन खाटा आहेत. त्यातल्या एकीवर पडद्यांचे नमुने रचलेत, पार खिडकीपर्यंत. मी तेव्हाही काही विचारलं नाही.

बाई : चांगलं केलंत.

इंजिनियर : आत्ताही विचारत नाही. नुसतं सांगतो. दोन फाळ्यांचं झाकणही मिळतं. ताकद तीच, टेम्पो खुशाल जाऊ दे वरून. फक्त मधोमध दोन भाग. एकेक फाळी एकटं माणूस उचलू शकतं.

बाई : एकट्या माणसाचं झाकण.

इंजिनियर : हो.

बाई : नको.

इंजिनियर : अहो, पण तुम्ही हे मघाशी ओढायला गेलात, ते मी फाटकातून पाहिलं. तसूभर हललं नाही, आणि तुम्ही चिखलात बसलात.

बाई : घसरले. चप्पल गुळगुळीत आहे.

इंजिनियर : पावसात एकटीनं हे करायला जाल आणि बोटं अडकली तर सोडवायला कोण येणार? पुढच्या आठवड्यात तपासणीचे साहेब येतील, त्यांनाही मी हेच सांगेन. हे उघडायला दोन माणसं नसतील, तर मला हे इथं ठेवता येणार नाही.

बाई : ती गेली. ऐकायचं होतं ना तुम्हाला? लग्न केलं आणि गेली. केस पांढरे झाल्यावर! कापसाचा व्यापारी, आम्हाला गाद्यांचा माल द्यायचा. बायको वारलेली. माणूस चांगला आहे, त्यात खोट काढता येत नाही, हीच तर पंचाईत. पण म्हणून मी पाटी उतरवायची का? हे गोदाम तिच्या मनातलं. वर्षानुवर्षं माझ्या मागं लागली होती, ताई, मागं गोदाम काढू, ताके डोक्यावर किती दिवस रचायचे. आता काढलंय तर त्या झाकणाच्या दुसऱ्या बाजूला तिचा हात नको?

इंजिनियर : मग बोलवा त्यांना.

बाई : कशाला म्हणून बोलवू?

इंजिनियर : झाकण उचलायला.

बाई : शहाणे आहात. लावा फोन. तो काय, स्टुलावर आहे. माझे हात चिखलाचे झालेत. सगळ्यात वरचा नंबर तिचाच.

(इंजिनियर फोन स्पीकरवर टाकून बाईंच्या तोंडापाशी धरतो.)

धाकटी : ताई? काय गं, बरी आहेस ना?

बाई : मला काय धाड भरलीय?

धाकटी : तसं नाही. मी इथं आल्यापासून तू पहिल्यांदा फोन केलास, म्हणून दचकले.

बाई : काम होतं. गोदाम बांधलंय.

धाकटी : कुठलं?

बाई : मागचं. तू म्हणायचीस ते. दार तू सांगितलंस त्याच बाजूला ठेवलंय. खिडक्या उंचावर, उन्हानं कापडाचा रंग उडू नये म्हणून.

धाकटी : अगबाई! खरंच? आणि पाणी कुठं जाणार गं? दर वेळी तेच म्हणून मला गप्प करायचीस.

बाई : टाकीत जाणार. इंजिनियर नेमलाय. तर त्या टाकीचं झाकण जड आहे. उचलायला दोन माणसं लागतात.

धाकटी : बरं.

बाई : म्हणून म्हटलं, विचारावं.

धाकटी : ताकाला जाऊन भांडं नको लपवूस, ताई.

बाई : पावसाळ्यापुरतं गं. दुसरी बाजू धरायला माणूस लागतं. माडीवर तुझी खाट आहे. वर थोडे नमुने ठेवलेत, ते काय, एका हातानं उचलले जातात. ऐकतेयस ना?

धाकटी : ऐकतेय. मी निघाले तेव्हा तू म्हणाली होतीस, तू उंबरा ओलांडलास की आतून कडी लावीन.

बाई : लावली नाही. गंजलीय ती. लागत नाही.

धाकटी : कधी लागत होती? मला तेव्हाही माहीत होतं, तू नाही लावायचीस.

बाई : मग?

धाकटी : मग काय, ताई. पाऊस इथंही पडतो. आमचंही छप्पर गळतं. मी वर चढते आणि हे खालून शिडी धरतात. यांना एकट्याला टाकून पावसाळाभर कशी येऊ सांग?

बाई : नाही, तसं कशाला...

धाकटी : गोदाम बघायला येईन. नक्की येईन, दोन दिवस राहीन, पोटभर भांडू. पण झाकणाला मी नाही पुरायची. तू फोन करणार, मी गाडी पकडणार, आणि मी येईपर्यंत तुझे ताके पोहायला लागलेले असणार.

बाई : तेही खरंच म्हणा.

धाकटी : गुडघे कसे आहेत?

बाई : आहेत जागेवर.

धाकटी : माझं एक ऐक. त्या इंजिनियरांना विचार, एकट्या माणसाला उचलेल असं झाकण मिळतं का. मिळत असणार, दोन तुकड्यांचं वगैरे. तसलं घे. माझी शपथ आहे. ते जडशीळ ठेवलंस तर तू एकटीच जाशील ओढायला, मी ओळखत नाही का तुला?

बाई : तेच घेतलंय.

धाकटी : काय?

बाई : दोन फाळ्यांचंच घेतलंय. मघाशीच ठरलं. तुला कळवावं म्हणून फोन केला.

धाकटी : मग मघापासून दोन माणसं, दोन माणसं काय लावलं होतंस?

बाई : तुझी गंमत केली. ठेवते आता, माणसं खोळंबलीत.

धाकटी : ताई, थांब जरा...

बाई : बंद करा हो तो. लाल बटण दाबा.

इंजिनियर : केला.

बाई : असे उभे काय राहिलात? ठेवा तो स्टुलावर.

इंजिनियर : येते म्हणाल्या त्या. दोन दिवस.

बाई : येईल. येते म्हटली की येतेच ती. खोटं बोलायची सवय तिला नाही.

इंजिनियर : मग हे झाकण परत पाठवू?

बाई : पाठवा. दुसरं मागवा.

इंजिनियर : तपासणीच्या आत बसवून देतो.

बाई : त्या फाळीला मूठ असते की पुन्हा आकडेच?

इंजिनियर : मूठ असते. लहान आकाराची घेतली की एका हातानं उघडते.

बाई : चांगलं आहे. छत्री धरायला मग कुणी लागायचं नाही.