वद् धातू आणि काकूंचे कान

कानाच्या दवाखान्यातली नर्स केसपेपर लावत होती. पण लक्ष सगळं बाकावरच्या संस्कृतच्या प्राध्यापकांकडे.

“वद् म्हणजे बोलणं. त्यातूनच वाद, अनुवाद, संवाद. संवाद म्हणजे दोघांनी बोलणं. कळलं?”

बायको ढिम्म.

“बघा सिस्टर! काही ऐकू येत नाही हिला. तर मूळ धातू वद्...”

“सर, तुम्ही बसा. काकूंना आत नेते.”

दार लावून नर्स काकूंच्या पाठीमागे गेली आणि हळूच कुजबुजली, “काकू, कधीपासून ऐकू येत नाही?”

“येतं की सगळं. बाहेर बघ, आता शेजारच्या पेशंटला धरलंय. ‘विवादा’वर आलेत.”

“अगंबाई! मग सांगू त्यांना, कान ठणठणीत आहेत म्हणून?”

“माझ्या जिवावर उठलीस का? मशीनचाही उपयोग नाही म्हणून सांग.”