अण्णा गेले तेव्हा

१९६१ साल. मल्लेश्वरमच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे एक वयस्क बाई आणि जर्मनीहून नुकताच शिकून परतलेला त्यांच्या शेजारचा मुलगा बोलत होते.

“शेषगिरी, तुझे अण्णा गेल्याचं तुला तिकडे कसं कळलं रे?”

“तार आली, अक्का. मी कारखान्यात शिकाऊ होतो, लेथवर उभा होतो. फोरमननं सगळी मशीनं बंद करायला लावली. कामगार टोप्या काढून उभे राहिले.”

“तुझ्या वडिलांना कधी न पाहिलेली माणसं?”

“हो. घरमालकीणबाईनं तर भात करून वाढला. पार गिच्च झाला होता. तिच्यासमोरच मी रडलो.”

“हे आईला सांगितलंस?”

“तिनं विचारलं नाही.”

“ती कशी विचारेल? बोटीनं पोचायला महिना लागेल, येऊ नकोस, असं तिनंच कळवलं होतं ना? तेव्हापासून मला म्हणते, पोर माझं परक्या मुलखात एकटं रडलं असेल.”

“मला वाटलं, विषय काढला तर तिला त्रास होईल.”

“सरी, बरं, बस आली बघ. चढ.”

“तुम्ही जा, अक्का. मी आधी घरी जातो.”