ज्याच्या हातात दोर

(हिवाळ्यातली दुपार. धक्क्याला बांधलेली शिडाची बोट. आतल्या एकुलत्या खोलीत दोन जावा मोसमभराचे खारट दोर कोमट पाण्याच्या टबात धुताहेत. पडद्यापलीकडे बाळ झोपलंय.)

थोरली : हो काय? शब्द म्हण.

धाकटी : हो म्हटलं ना, वहिनी. आलंय टोक हातात. पिळा तुम्ही.

थोरली : सकाळपासून चौथ्यांदा. मी विचारते धरलंय का, आणि तू म्हणतेस हो, आलं, घ्या, पिळा. मी या घरात आले तेव्हा मामंजींनी मला सगळ्यात आधी हेच शिकवलं होतं. विचारलेला शब्द तस्साच परत द्यायचा. ज्याच्या हातात दोर, त्याच्याच तोंडी शब्द. स्वयंपाकघरातसुद्धा. दूध बघ म्हटलं की दूध बघते म्हणायचं. माझ्या माहेरचे म्हणायचे, पोपटांच्या घरात दिलीय पोरगी.

धाकटी : मलाही तेच शिकवलं त्याने. लग्नाआधी. मला वाटलं, किती गोड आहे हा, माझं प्रत्येक वाक्य परत म्हणतो.

थोरली : गोड कसलं. भीती असते ती. वाऱ्यात ऐकू गेलं की नाही याची. पिळ आता, जोर लाव. बाळंतपणाने हात नाजूक झाले म्हणावं तर वर्ष होत आलं.

धाकटी : अकरा महिने.

थोरली : तेच ते. आणि ह्या गाद्या उभ्या करून ठेव जरा. खालून दव धरलंय बघ, हात लाव. या डब्यात माणसं हिवाळा कशी काढतात कोण जाणे. शिंक यायची तर शेजारच्याला सांगून द्यावी लागते.

धाकटी : गाद्यांखाली फळ्या ठोकायच्यात, हवा खेळायला. तो करणार होता. पाण्याच्या नळ्या तेवढ्या रिकाम्या केल्या, गोठून फुटायला नकोत म्हणून. बाकी सगळं राहिलंय. एक काम हातात घेतो, तिथंच बसून राहतो. परवा चूल साफ करायला घेतली, दोन तासांनी बघते तर तोच पाना हातात.

थोरली : आणि माझ्याशी तर बोलतच नाहीत भाऊजी. आल्यापासून मी बघतेय, मी आत की ते बाहेर. आज म्हणे शेडमध्ये शीड शिवायला दिलंय, ते आणायचंय. तीन वेळा तेच आणायला गेले.

धाकटी : तुमच्या तोंडाकडे बघवत नाही त्याला.

थोरली : माझ्या तोंडाला काय झालंय? संध्याकाळच्या गाडीने जाईन मी. ह्यांची पेटी घेते, चष्मा, ते दोन स्वेटर, आणि परत या बोटीवर पाय ठेवायची नाही. हा दोर कुठला? निळ्या धाग्याचा?

धाकटी : तो... तो राहू दे. तो मी धुते नंतर.

थोरली : का?

धाकटी : तो त्या दिवशीचा आहे.

थोरली : मग मीच धुते. दे इकडे.

धाकटी : वहिनी, नको ना.

थोरली : अगं, दोराला कसला विटाळ. दोर बिचारा जसा धरावा तसा राहतो. बघ, कुठे तुटला नाही की विरला नाही. म्हणजे दोराचा दोष नाही. वाऱ्याचा नाही, वारा तर रोजच असतो. मग राहिलं कोण? हे, तुझे दादा. चौकशीला आलेल्या साहेबाने पण तेच लिहिलं. मयताने दोर न धरता धरल्याचं सांगितलं. सही करून घेतली माझी, वाचलं याची. वाचलं याची सही, कबूल याची नाही, असं मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, बाई, कागदावर दोन्ही एकच.

धाकटी : तुम्ही हे मला सांगितलं नव्हतं.

थोरली : कशाला सांगू. पण तुला खरं सांगते, माणूस गेल्याचं दुःख मी सोसीन, हा ठपका नाही. एकतीस वर्षं मी त्या माणसाबरोबर होते. तो माणूस दोनदा वेढा मारल्याशिवाय, वर एकदा ओढून बघितल्याशिवाय धरलंय म्हणायचा नाही. आमची लेक पाळण्यातून काढतानासुद्धा. मी वैतागायचे, अहो पोर आहे, नांगर नाही. आणि आता धक्क्यावरचे लोक काय म्हणतात, ठाऊक आहे? वय झालं होतं, घाई केली. परवा लेक म्हणाली. माझी स्वतःची लेक. म्हणाली, आई, बाबांनी आयुष्यभर आम्हाला शिस्त शिकवली आणि स्वतः एवढी साधी गोष्ट... मी फोन ठेवला. त्यानंतर बोलले नाही तिच्याशी. आठवडा झाला.

धाकटी : ती असं म्हणाली?

थोरली : तिचा तरी काय दोष? मीसुद्धा रोज पहाटे उठून तेच करते. डोळे मिटते आणि ह्यांच्या आवाजात तो शब्द ऐकायचा प्रयत्न करते. घाईत म्हटलेला. आणि तो आवाज येत नाही गं मला. बाकी सगळे शब्द येतात. चहा दे म्हणतात, दार लाव म्हणतात, तो एक येत नाही. मी म्हटलं, त्या बोटीवर जाऊन राहावं दोन दिवस. तिथे तरी येईल.

धाकटी : आला?

थोरली : कुठला. रात्रंदिवस त्या डोलकाठ्यांवर दोऱ्या आपटतात तेवढं ऐकू येतं. टक टक, टक टक. कुणीतरी दार वाजवतंय आणि आपण उघडत नाही, असं. तुला त्रास होत नाही?

धाकटी : मला त्यात प्रश्न ऐकू येतो.

थोरली : कसला?

धाकटी : तोच. धर... तोच शब्द. मग मी उशी तोंडावर दाबते. बाळाला घेतलेलं असलं की तिच्या केसांत तोंड खुपसते. उत्तर जाऊ नये म्हणून.

थोरली : तू का उत्तर देशील? तू तर खाली होतीस.

धाकटी : वहिनी, ते पिळणं थांबवा जरा.

थोरली : थांबवलं.

धाकटी : मी खालीच होते. इथेच, या पायऱ्यांपाशी. वरची झडप उघडी होती. तो मागे चाकापाशी, माझ्यापासून दोन हातांवर. दादा पुढे, डोलकाठीशी. वारा वाढला म्हणून शीड उतरवायचं ठरलं. तो शिडाचा मोठा आडवा दांडा आहे ना, त्याने इकडून दोराने ताणून धरला होता, आणि दादांनी तिकडून दुसरा दोर, हा निळा, खुंट्याला वेढायचा. वेढला की सांगायचं, मग त्याने आपला सोडायचा.

थोरली : हे मला पाठ आहे. साहेबाच्या कागदावर चित्र काढलंय.

धाकटी : बाळ या बाकावर होतं. बोट कलली आणि ती घसरली, डोकं खाली. मी कशी पोचले माहीत नाही. पायाचा घोटा हातात आला. जमिनीपासून एवढं अंतर, वीतभर. मी तिला उचललं, छातीशी घेतलं आणि म्हटलं...

थोरली : काय म्हटलंस?

धाकटी : ती घाबरली होती. मी जोरात म्हटलं. धरलंय, धरलंय.

थोरली : तो शब्द? तू?

धाकटी : त्याने वरून काही विचारलं होतं, हे मला ठाऊकसुद्धा नव्हतं. आईशपथ. मी तिच्या डोक्याला हात लावून बघत होते आणि वर दांडा फिरल्याचा आवाज आला. मग त्याची हाक, दादा पाण्यात गेला म्हणून. नंतर साहेबाने विचारलं तेव्हा तो म्हणाला, दादाने धरलंय म्हणून सांगितलं, मी सोडला. मला वाटलं, त्याला खरंच तसं ऐकू आलं. वाऱ्यात. मी बाळाला पाजत बसले होते. तोंड उघडलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी कोळ्यांना दादा सापडले तेव्हाही नाही. तुम्ही आलात तेव्हाही नाही. तीन महिने.

थोरली : म्हणजे हे म्हणाले नाहीत.

धाकटी : नाही.

थोरली : हे म्हणालेच नाहीत.

धाकटी : मी म्हटलं. वहिनी, मला मारा हवं तर. पण असं बघू नका.

थोरली : गप्प बस जरा. मला ऐकू दे.

धाकटी : काय?

थोरली : कोण आलंय वर. पावलं वाजताहेत.

नवरा : खाली घ्या. शिडाची पिशवी आहे, जड आहे. धरलंय?... धरलंय का?... कुणी आहे का खाली? धरलंय?

थोरली : धरलंय. सोडा.

नवरा : वहिनी, तुम्ही? सोडतो. सोडली.

थोरली : या खाली. झडप लावून घ्या, बाळाला वारा लागेल.

नवरा : मी परत जाणार होतो, ती ताडपत्री...

थोरली : ताडपत्री कुठे पळत नाही. बसा. भाऊजी, एकच विचारते. त्या दिवशी आवाज कुणाचा होता?

नवरा : दादाचा. सांगितलंय मी.

धाकटी : माझा होता. मी सांगितलं वहिनींना. तुला वाऱ्यात कळलं नसेल, पण तो माझा आवाज होता. बाळ पडत होतं, म्हणून मी...

नवरा : तू कशाला सांगितलंस?

थोरली : कशाला म्हणजे?

नवरा : मी ती ताडपत्री घेऊन येतो.

थोरली : म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं.

नवरा : तिचा आवाज मला ओळखू येणार नाही, वहिनी?

धाकटी : तुला माहीत होतं?

नवरा : तुला ठाऊक नाही असं मी समजत होतो. तुला कधीच कळू नये म्हणून मी... सहा वर्षं त्या दोरावर तू होतीस. मी मागून विचारायचं, पुढून तू सांगायचं, मी सोडायचं. सहा वर्षं. दादा त्या सफरीपुरता तुझ्या जागी आला, तू बाळामुळे खाली म्हणून. त्या दिवशी तुझा आवाज आला आणि हाताने दोर सोडला. तू पुढे नाहीस, खाली आहेस, हे डोक्यात यायच्या आत हाताने सोडला. हाताला तुझी सवय होती.

थोरली : आणि साहेबासमोर?

नवरा : साहेबाने विचारलं, तुम्ही सोडला का? मी म्हटलं, सांगितल्यावर सोडला. तो म्हणाला, कुणी सांगितलं. ही समोर बसली होती, बाळ अंगावर पीत होतं. मी बघितलं तिच्याकडे. आणि म्हटलं, दादाने. एवढंच. एक शब्द. मला वाटलं, दादा तर गेला. गेलेल्या माणसाला काय लागतं.

थोरली : गेलेल्याला नाही लागत. मला लागलं. माझ्या लेकीला लागलं.

नवरा : हो.

थोरली : सख्ख्या भावाच्या तोंडी खोटा शब्द घातलात. मी त्या शब्दाशेजारी झोपले तीन महिने.

नवरा : हो, वहिनी.

धाकटी : चला, आपण तिघं जाऊ साहेबाकडे. कागद बदलून घेऊ. मी सांगते सगळं.

थोरली : कागद जाऊ दे खड्ड्यात. म्हणजे बदलायचा तर बदला, तो तुमचा प्रश्न. मला वेगळंच पाहिजे. भाऊजी, हे धरलंय म्हणाले नाहीत ना? मग काय म्हणाले? काहीतरी म्हणाले असतील. विचारलेल्याला उत्तर न देता राहणारा माणूस नव्हता तो.

नवरा : वहिनी, सोडा ते.

थोरली : ऐकलंत ना तुम्ही?

नवरा : ऐकलं.

थोरली : मग द्या मला. तो माझा आहे.

नवरा : तिच्या आवाजामागून आला. लगेच मागून, श्वासभर अंतर. तोवर दोर हातातून गेला होता.

थोरली : काय म्हणाले?

नवरा : थांब.

थोरली : थांब?

नवरा : अजून नाही. थांब. असं म्हणाला.

थोरली : ओरडून?

नवरा : नाही. नेहमीसारखं. पाळण्यातून पोर काढताना म्हणेल तसं.

धाकटी : वहिनी... पाणी देऊ?

थोरली : एकच वेढा बसला असेल. दुसरा मारत होते. ऐकू येतंय मला. अजून नाही, थांब. हे येतंय गं ऐकू.

धाकटी : बसा ना खाली. वहिनी, आम्हाला...

थोरली : माफीचं आता काढू नकोस. ती माझ्याकडे आहे की नाही, मला बघावं लागेल. कदाचित नसेल. लेकीला लावते, माझा फोन कुठे ठेवलास? त्या स्वेटरांखाली बघ.

नवरा : मी बोलतो तिच्याशी. माझं काम आहे ते.

थोरली : तुमच्या तोंडून आणखी एक शब्द ह्यांचा म्हणून जायला नको. मी बोलते.

धाकटी : माझं नाव सांगा तिला. लपवू नका, वहिनी. तीन महिने तेच केलं मी.

थोरली : उठलं बघ तुझं बाळ. जा, घे तिला... हॅलो. हं, मीच. नाही, रडत नाहीये, सर्दी झालीय, इथे दव फार. ऐक, मध्ये बोलू नकोस. तुझे बाबा धरलंय म्हणालेच नव्हते. थांब म्हणाले होते. अजून नाही, थांब, असं... हो, काकांनीच सांगितलं, आत्ता... नाही गं, कुणाची चूक कशाला. वारा होता. ऐकू नाही गेलं.