खणात बसेल असा कॉम्प्युटर

मंडळी, आख्यानाला लागण्याआधी एक सांगा. माणसासाठी घर, की घरासाठी माणूस? डोलावल्या सगळ्यांनी माना — माणसासाठी घर! वा! आता ऐका. कराडच्या वसंतराव गुळवणींनीही अशीच मान डोलावली असती.

वसंतरावांनी फ्लॅट घेतला, हॉलभर फर्निचर केलं. टीव्हीला जागा, गणपतीला जागा, आणि खाली कॉम्प्युटरसाठी खण — पुढे सनमायका लावलेलं शटर! खण झाला, कॉम्प्युटर अजून यायचाय. मुलगी मैत्रेयी कार्टून फिल्म करणारी. ती म्हणाली, "बाबा, कॉम्प्युटरचं कॅबिनेट मोठं लागेल. माझं ग्राफिक्स कार्ड लांब आहे, पंखे आहेत, आत हवा खेळली पाहिजे."

"खणात बसेल तेवढंच आणायचं," वसंतराव म्हणाले.

गेले की स्वतः दुकानात! दुकानदारानं विचारलं, "काका, आत काय काय बसवायचंय?"

"ते मुलगी बघेल. बाहेरून माप हे असं पाहिजे."

अहो, पाय घरी ठेवून बूट घ्यायला गेलेला माणूस हा! आलं कॅबिनेट — इवलंसं, चकचकीत. मैत्रेयीनं वायरी दाबल्या, दोन पंखे काढून ठेवले, कसंबसं सगळं कोंबलं. पण खणात बसलं हो! वसंतराव मागे सरून बघतात, पुन्हा बघतात. समाधानानं पोट भरलं त्यांचं.

पुढे काय झालं? पुण्याच्या एका कंपनीनं मैत्रेयीला सांगितलं — छोटी फिल्म करून संध्याकाळपर्यंत पाठवा, आवडली तर नोकरी. पहिली नोकरी, मंडळी! चित्रं तयार होती, ती जोडून मशीननं फिल्म बनवायची होती, काही तासांचं काम. दुपारी तिनं मशीन कामाला लावलं, शटर उघडं ठेवलं आणि जरा आडवी झाली. तेवढ्यात आले वसंतरावांचे साडू. आता साडूच्या नजरेला वायरी पडायच्या? शिव शिव! वसंतरावांनी हळूच शटर लावलं, आणि सनमायका कुठून आणला ते रंगवून सांगत बसले.

आणि आत? भट्टी! तापता तापता मशीन बंद पडलं. मैत्रेयी उठली तेव्हा पुन्हा पहिल्यापासून करायला वेळ उरला नव्हता. कंपनीनं दुसऱ्या कुणाला तरी घेतलं.

"लाइट गेली होती म्हणून सांग त्यांना," वसंतराव म्हणाले.

"लाइट होती, बाबा. हवा नव्हती."

वसंतरावांनी खणात हात घातला. चटका बसला. वाईट वाटलं हो त्यांना, खरंच वाटलं, बाप आहे तो! म्हणाले, "खण मोठा करून घेऊ." आणि लगेच पुढे — "तोच सनमायका मिळाला म्हणजे झालं."

हसता? हसा! पण शेजारच्याकडे बघून हसू नका. तुमच्या घरी खण नाहीत? हा डॉक्टरच होणार, हिला नवरा बँकेतलाच, सुनेला ओट्यापुढची जागा — माप आधी घेतलं, माणूस मागाहून आणला, पाहुणे आले की शटर लावलं! आणि वर मलाच विचारता, महाराज, आमची सून हल्ली बोलत का नाही? अहो, ती बंद पडलीय!

आज घरी गेलात की तिला विचारा — बाई, तुला जागा किती लागते? आणि ती सांगेल ते मध्ये न बोलता ऐकून घ्या. ज्यांना एवढं जमणार असेल, त्यांनीच आता टाळी वाजवा.